फळ्यावरचा एक

खेळ आहे, खेळासारखा घ्या, असे जी माणसे म्हणतात त्यांच्या हातात बहुधा शिट्टी असते. हे निरीक्षण एका प्रसंगावर आधारलेले आहे. एका प्रसंगावरून नियम बांधू नये असे शहाणे लोक सांगतात, पण या बाबतीत मी शहाणी व्हायचे नाकारले आहे.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. गंगापूर रोड तेव्हा पुरता शहर झालेला नव्हता. दोन इमारतींच्या मध्ये एखादा द्राक्षमळा तग धरून असे, आणि जानेवारीत सकाळी खिडकी उघडली की थंडीबरोबर फवारणीच्या गंधकाचा वास घरात शिरे. आमचे भाड्याचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. वडील गेल्यावर आईला मी तिथे घेऊन आले. ज्या लहान गावी वडिलांची नोकरी झाली, तिथे तिला जाता-येता हाक मारणारी कितीतरी दारे होती. इथे दार उघडले की समोर दुसरे बंद दार. मी कॉलेजातून शिकवून परत येई तेव्हा ती गॅलरीत खुर्ची टाकून मळ्याकडे पाहत बसलेली असे.

“आज कोणाशी बोललीस?”

“भाजीवालीशी. मेथी विचारली. नव्हती.”

तिचा दिवसभराचा शब्दव्यवहार तेवढाच. माझ्या यजमानांशी ती जावयाशी बोलावे तसे जपून बोले, आणि माझ्याशी बोलायला मी घरात असायला हवे होते. रात्री जेवताना तिचा आवाज घोगरा लागे, दिवसभर न वापरल्यामुळे.

म्हणून एका रविवारी उपासनेनंतर जेव्हा जाहीर झाले, की नव्या वसाहतींतल्या ख्रिस्ती स्त्रियांचे भगिनी मंडळ सुरू होत आहे आणि पहिली सभा येत्या शनिवारी दुपारी आहे, तेव्हा आईने बाकावर बसल्या बसल्या माझा कोपर धरला. शनिवारी तिने ट्रंकेतून हिरव्या काठाची पांढरी साडी काढली, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून सकाळपासून गॅलरीत वाळत टाकली आणि केसांना दोनदा तेल लावले. तिला एखादी मैत्रीण हवी होती. एवढेच हवे होते, आणि ते मागायची तिला लाज वाटत होती.

सभा एका बंगल्याच्या दिवाणखान्यात होती. खाली सतरंज्या, भिंतीला टेकवलेला शाळेतला फळा, कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या पराती आणि त्यांतून येणारा बटाटेवड्यांचा कोमट वास. स्वेटरांवरून घेतलेले पदर, पावडर, निलगिरीचे तेल, कोणाच्या तरी अंबाड्यातली ओली शेवंती. आमच्या रीतीप्रमाणे सलाम, सलाम म्हणून झाल्यावर जी ती आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागली होती. अनोळखी बायका एकमेकींसमोर करतात तेच.

तेवढ्यात शिट्टी वाजली. वाजवणाऱ्या बाई सडपातळ, तरतरीत, पुण्याला नेतृत्वाचे शिबिर करून आलेल्या. गळ्यात क्रूसाची साखळी आणि तिच्यावर लाल दोरीतली शिट्टी. त्यांचे नाव मी इथे देत नाही. माझ्या मनात त्या शिट्टीवाल्या बाई म्हणूनच राहिल्या आहेत.

“भगिनींनो, बसून कोणाची ओळख झालीय का कधी? चला, उठा! याला आइसब्रेकर म्हणतात. संकोच सगळा बाहेर चपलांजवळ ठेवायचा.”

पहिला खेळ चांगला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण रागाच्या भरात चांगले ते पुसून टाकण्याची मला सवय आहे. प्रत्येकीच्या पाठीवर टाचणीने एक चिठ्ठी लावली होती. चिठ्ठीत एका वस्तूचे नाव. आपली वस्तू आपल्याला दिसायची नाही. इतरांना प्रश्न विचारून ती ओळखायची आणि मग आपली जोडी शोधायची. आई एकीपाशी जाऊन हळूच म्हणाली, “मी स्वयंपाकघरात असते का?”

“असता तर!”

“मला विस्तव लागतो?”

“छे हो, तुम्हाला मिरची लागते.”

आईला हसू फुटले. “मग मी वरवंटा.”

“आणि मी कोण, ते सांगा आता!” एक धिप्पाड बाई पाठ करून तिच्यापुढे उभी राहिली. आईने चिठ्ठी वाचली, तिच्या ऐसपैस पाठीकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, “तुम्हाला ओळखायला चिठ्ठी कशाला हवी? पाटाच की.”

सगळा दिवाणखाना हसला. सर्वांत मोठ्याने ती बाईच हसली. “बघा हो, आल्या आल्या मला वाटायला लागल्या!” असे म्हणत तिने आईला आपल्या शेजारी ओढून बसवले. आईच्या गालांवर लाली चढली होती. कितीतरी महिन्यांनी मी तिचा तो हसण्याचा आवाज ऐकत होते, आतून येणारा, किंचित कोरडा. मला वाटले, झाले काम. मिळाली मैत्रीण.

मग शिट्टी पुन्हा वाजली.

दोन संघ पाडले गेले, द्राक्ष आणि गुलाब. द्राक्षाच्या कप्तान पाटाबाई. त्यांच्या संघात आई आणि मी. शिट्टीवाल्या बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली.

“आता आपल्या वारशाची ओळख. प्रत्येकीनं सांगायचं, आपलं घराणं किती पिढ्या विश्वासात आहे. जितक्या पिढ्या, तितके गुण. ज्या संघाची बेरीज जास्त, तो जिंकला. बक्षीस आहे हं!”

टाळ्या पडल्या. कोणालाही त्यात वावगे दिसले नाही, आणि माझ्या रागाचे पहिले मूळ तिथे आहे. हा खेळ दुसऱ्या कोणाला सुचलाच नसता. आम्हा मिशनच्या जुन्या घरांतल्या माणसांना आडनाव, पगार, घर यांच्याही आधी हे विचारायची खोड आहे: तुमचे किती पिढ्यांचे? जात टाकून आलो असे म्हणत आलेल्या माणसांनी उतरंड मात्र बरोबर आणली. मडकी तेवढी नवी घेतली.

“पाच!” पाटाबाईंनी सुरुवात केली. त्यांच्या आवाजात पाच पाटल्या वाजल्या. गुलाबातून कोणी “चार” म्हणाले, कोणी “चार, धाकट्या नातवाला धरून पाच”. त्यावर वाद झाला, नातू धरायचा की नाही. हशा झाला, खडू फळ्यावर करकरत राहिला. मी आईकडे पाहिले. तिचे हसू अजून चेहऱ्यावर होते, पण ते आता तिने धरून ठेवलेले होते.

तिची पाळी आली. “एक,” ती म्हणाली.

फार मोठी शांतता पसरली असे काही नाही. पाटाबाई मायेनेच म्हणाल्या, “अहो, असं काय करता! सासरचं धरा. तुमच्या यजमानांचे आजोबा मिशनच्या शाळेत होते, मघाशी म्हणालात ना. तीन होतात.”

“ते त्यांचे.”

“बाईचं घर म्हणजे सासरच ना! आम्ही सगळ्याच सासरचं सांगतोय.”

“बरोबर आहे मावशी, नियम तोच आहे,” शिट्टीवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावर तीन लिहून टाकला. “चला, पुढे.”

इथे मला थांबून सांगितले पाहिजे की त्या एकामध्ये काय होते.

आई हरसूलच्या बाजूच्या एका पाड्यावरची. जवळच्या गावात मिशनचा एक लहान दवाखाना होता, तिथे ती पोरवयात झाडलोट करायला जाई. तिला कोणी आमिष दाखवले नाही, कोणी धाक घातला नाही. तिथल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला ती दाराबाहेर उभी राहून ऐकत असे, आणि एक दिवस तिने स्वतः सांगितले की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. घरी कळले तेव्हा तिच्या बापाने तिला मारले नाही. त्याने एवढेच म्हटले, “आमच्या पाण्याला हात लावायचा नाय.” तिच्याच डोक्यावरून आलेले हंडे ओट्यावर भरलेले होते. त्या दिवसापासून तिची आई तिला वरून ओंजळीत पाणी वाढू लागली, आणि वाढताना दुसरीकडे पाहू लागली. काही दिवसांनी आई दवाखान्यातच राहायला गेली. पुढे तिचे लग्न झाले, मी झाले, पण तिच्या माहेरचे पाणी तिला पुन्हा मिळाले नाही. ती पाणी पिताना आयुष्यभर पेला दोन्ही हातांनी धरी. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्या आया असाच पेला धरतात.

तो हा एक. आणि तो डावलून, कोणालाही न विचारता, वर तीन चढवला गेला होता. आमच्या वडिलांच्या आजोबांनी, ज्यांना आईने पाहिलेदेखील नव्हते, तिच्या ओंजळीतले पाणी पिऊन टाकले होते.

आई उठली. सतरंजीवर बसलेल्या बायकांच्या मधून वाट काढत ती फळ्यापाशी गेली. तिने आपल्या पांढऱ्या साडीच्या पदराने तो तीन पुसला आणि शिट्टीवाल्या बाईंच्या हातातून खडू घेऊन तिथे एक काढला. तिला लिहिण्याचा सराव कमी होता. तो एक मोठा आणि जरा वाकडा आला.

“मला इचारलं ना?” ती म्हणाली. “मग माझा येकच हाय.”

ती भाषा तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकली होती. वडिलांच्या घरात तिने ती पेटीच्या तळाशी ठेवून दिली होती. मागे कुजबुज झाली.

“कुठल्या बाजूच्या?”

“हरसूलकडच्या म्हणे.”

“अस्सं. तिकडच्या होय.”

त्या ‘तिकडच्या’त एक सबंध घाट होता, आणि त्या खाली उभ्या राहून वर पाहत नव्हत्या. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. दुसरी कोणी तरी समजूत घालण्याच्या सुरात म्हणाली, “नवीन आहेत ना, चालायचंच.” नवीन! आई तेव्हा साठीला टेकलेली होती. त्या खोलीतल्या निम्म्या बायका जन्मायच्या आधी तिने ते पाणी सोडले होते.

माझी पाळी आली. सासरच्या बाजूने माझ्याकडे पाच होते. पाटाबाईंना ते ठाऊक होते. आमच्या यजमानांचे घराणे त्यांच्या ओळखीचे. “आता आपली भरपाई!” त्या हात चोळत म्हणाल्या. “बोला बोला, पाच ना?”

“दोन,” मी म्हणाले.

“दोन कुठून आले मध्येच?”

“आईकडून मोजले.”

“आईकडून कोणी मोजतं का?”

“मी मोजते.” आणि मग माझा आवाज चढला. “तुमच्या पाचांतलं पहिलं माणूस कोण हो? नाव काय त्याचं?”

पाटाबाई गोंधळल्या. “म्हणजे... यांच्या पणजोबांचे वडील.”

“नाव?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. नाव त्यांना येत नव्हते. मी गुलाब संघाकडे वळले. “तुमच्या चारांतलं? तुमच्या?” कोणालाच येत नव्हते. एकीला ‘दुष्काळात आले होते’ एवढे माहीत होते. तो पहिला माणूस कोणत्या वस्तीतून उठून आला, त्याला कोणत्या विहिरीवर चढू देत नव्हते, हा प्रश्न तर खेळात नव्हताच. तो विचारण्याची आमच्यात पद्धत नाही. प्रत्येकीच्या पाचाच्या, चाराच्या मुळाशी एक एकटा एक उभा होता, आणि त्याच्यावर सगळ्या पिढ्या रचून झाल्यावर त्याचे नाव मात्र कोणी ठेवले नव्हते. समोर जिवंत, हिरव्या काठाच्या साडीत, पदराला खडू लागलेला तसाच ‘एक’ उभा असताना त्याची त्यांना कीव येत होती.

“अहो ताई, खेळ आहे,” शिट्टीवाल्या बाई हसून म्हणाल्या. “खेळासारखा घ्या.”

गुलाब संघ जिंकला. बक्षीस म्हणून प्लास्टिकच्या साबणदाण्या होत्या. बटाटेवडे वाढले गेले, आणि ते चविष्ट होते, आणि मी ते खाल्ले नाहीत. आईने खाल्ले. पाटाबाई तिच्या शेजारीच बसून खात होत्या.

घरी चालत येताना मी बोलत सुटले होते. मळ्याच्या कुंपणापाशी आई थांबली. “तू दोन का म्हणालीस?” तिने विचारले.

“म्हणजे? तुझ्यासाठी.”

“माझं मी सांगितलं होतं. तुझा बाप कुठं गेला त्यात? सासरचे नको तर नको, पण त्याच्याकडून तुझे चार होतात. मी माझ्या मापानं कोणाला खोडलं नाही. तू त्याला पुसलंस.”

“आई, त्या तुला...”

“मला ठाऊक आहे त्या मला काय. पण मी भांडायला गेले नव्हते. बसायला गेले होते. आता पुढच्या वेळी मी तिथं कशी जाऊ, ते सांग.”

मला फार राग आला. तिच्यासाठी मी पेटले होते आणि ती मला चटक्याचा जाब विचारत होती. आजही तिचे म्हणणे मला पूर्ण पटलेले नाही. राग हा काही वाढून ठेवलेला घास नव्हे, की ज्याच्यासाठी आहे त्याने तो गोडच मानावा. पण त्या संध्याकाळी मला वाटले होते की तो माझा तिला दिलेला दागिना आहे, आणि तिने तो हातात न घेता परत केला.

पुढच्या सभेच्या दिवशी दुपारी आमची बेल वाजली. दारात पाटाबाई, जिने चढून धापा टाकत. “वरवंटा आहे का घरात?” त्यांनी विचारले. आई आतून येऊन उभी राहिली. मग आई साडी बदलायला गेली. पाटाबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही आणि मीही त्यांना बसा म्हटले नाही.

आई वर्षानुवर्षे जात राहिली. मी पुन्हा पाऊल टाकले नाही. तिथून येताना तिचा आवाज मोकळा असे, आणि त्या मोकळ्या आवाजाचाही मला राग येई. पाटाबाईंच्या घरच्या लोणच्याच्या बरण्या आमच्याकडे येत, आईच्या हातची नागलीची भाकर त्यांच्याकडे जाई. मळा तोडून तिथे इमारत झाली, रस्ता रुंद झाला, आम्ही स्वतःचे घर घेतले. ते पिढ्यांचे बोलणे पुन्हा कधी निघाले की नाही, मी विचारले नाही. विचारले असते तर आई म्हणाली असती, भजी छान होती.

दहाएक वर्षांनी आई गेली. पहाटे, पाणी मागून, पेला दोन्ही हातांनी धरून.

चर्चमध्ये तिची शवपेटी ठेवलेली होती. निशिगंधाचा दाट, गोड वास नाकात अडकून बसला होता. घरच्यांच्या वतीने माझ्या यजमानांनी दोन शब्द सांगितले. मग भगिनी मंडळातर्फे श्रद्धांजली वाचायला शिट्टीवाल्या बाई उभ्या राहिल्या. त्या आता मंडळाच्या अध्यक्षा होत्या, केस पांढरे झालेले, गळ्यात फक्त क्रूस. त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली: “आपल्या लाडक्या भगिनी तीन पिढ्यांच्या श्रद्धावंत ख्रिस्ती घराण्यातल्या...”

मी उठले. वाक्य तयार होते. ते दहा वर्षे तयार होते. तोंड उघडणार तोच माझ्या मागच्या बाकावरून आवाज आला.

“तीन नाही. एक.”

पाटाबाई. गुडघ्यांनी उभे राहवत नव्हते म्हणून त्या पुढच्या बाकाची पाठ धरून अर्धवट उठल्या होत्या. “ते खोडा बाई,” त्या म्हणाल्या. “त्यांनी स्वतः लिहिलं होतं फळ्यावर. एक म्हणजे एक.”

पाळकसाहेब खाकरले. कागद सळसळला. शिट्टीवाल्या बाईंनी कशीबशी दुरुस्ती केली आणि पुढचे वाचन केले, त्यातले मला काही आठवत नाही. मला आठवतो तो माझा राग. माझे वाक्य दुसऱ्याच कोणी घेतले होते. आणि ते म्हणायचा हक्क, ज्या शनिवारी मी बंगल्याची पायरी कायमची सोडली त्या शनिवारपासून आईच्या शेजारी बसून राहिलेल्या त्या बाईने, बटाटेवड्यांच्या प्लेटा संपवत संपवत कमावला होता.

कबरस्तानात जमीन उंचसखल होती. पाटाबाईंनी माझा कोपर धरला. मी झटकला नाही. “तू त्या दिवशी विचारलंस,” त्या म्हणाल्या, “पहिलं माणूस कोण म्हणून. मी थोरल्या दिरांना विचारलं, चुलत सासऱ्यांना विचारलं. ठाऊक नाही कोणाला. तुझी आई म्हणायची, नाव नसू दे, त्याला पाणी कोणी बंद केलं होतं तेवढं तरी विचार. तेही विचारलं. दीर इतके भडकले! म्हणाले, असलं उकरायचं नसतं. दोन नाताळ बोलले नाहीत माझ्याशी.”

आमच्या मुठींत माती होती. कोरडी, वरून ऊन आणि आत गार. तेवढ्यात शिट्टीवाल्या बाई आमच्यापाशी आल्या. “चुकून झालं हो,” त्या मला म्हणाल्या. “घाईत लिहिलं. मनाला लावून घेऊ नका.”

मी काही म्हणण्याआधी पाटाबाईंनी माझ्या कोपरावरची पकड घट्ट केली आणि मान वळवून त्यांना विचारले, “तुमचं पहिलं माणूस कोण होतं हो? नाव काय त्याचं?”

शिट्टीवाल्या बाईंचा हात आपोआप गळ्यापाशी गेला. तिथे क्रूसच होता. खाली पेटीवर कोणाची तरी माती पडल्याचा आवाज झाला. आम्ही दोघी उत्तरासाठी उभ्या राहिलो.